वाचकांचे प्रश्न : मुंबईतील स्त्रियांचा मताधिकाराचा लढा आणि आपला सीमाभाग

स्त्रियांच्या मताधिकाराविषयी बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि भालकी या भागांतून आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न या वेळच्या सदरासाठी निवडले आहेत. बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : शंभर वर्षांपूर्वी मुंबई शहरात जे घडले त्याचा आपल्याकडच्या स्त्रियांशी काय संबंध होता? बेळगाव, विजापूर, धारवाड आणि कारवार हे चारही जिल्हे १९५६ पर्यंत मुंबईच्याच कारभाराखाली होते. त्यामुळे तिथल्या विधिमंडळाने स्त्रियांबाबत घेतलेला निर्णय हा आपल्या जिल्ह्यालाही लागू होणारा निर्णय होता.

प्रश्न : इंग्लंडमधील स्त्रियांना मतासाठी झगडावे लागले, भारतीय स्त्रियांना मात्र संविधानाने तो हक्क न मागता दिला, असे भाषणांतून आणि लेखांतून वारंवार सांगितले जाते. हे खरे मानावे का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर : खरे मानू नये. संविधानाने १९५० साली प्रत्येक प्रौढ नागरिकाला मत दिले हे निर्विवाद आहे. परंतु त्याआधी तेहेतीस वर्षे स्त्रिया ही मागणी करीत होत्या, आणि ती नाकारली गेल्यावर पुन्हा पुन्हा करीत होत्या. ब्रिटिश मंत्रिमंडळातील भारतमंत्री माँटेग्यू १९१७च्या अखेरीस राज्यकारभारातील सुधारणांसंबंधी लोकमत जाणून घेण्यासाठी भारतात आले, तेव्हा १८ डिसेंबर रोजी सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे एक शिष्टमंडळ त्यांना मद्रासमध्ये भेटले. नव्या सुधारणांत मताधिकार ठरवताना स्त्रियांना ‘प्रजाजन’ म्हणून पुरुषांच्या बरोबरीने धरावे, एवढीच त्यांची मागणी होती.

यानंतरचा एक महत्त्वाचा टप्पा आपल्या अगदी जवळ घडला आणि त्याची आठवण इकडे फारशी कोणी काढत नाही, याची मला खंत वाटते. मुंबई इलाख्याची प्रांतिक परिषद मे १९१८ मध्ये विजापूर येथे भरली होती, आणि तिथे सरोजिनी नायडूंनी स्त्रियांच्या मताधिकाराच्या ठरावाचे समर्थन केले. बेळगावशेजारच्या जिल्ह्यात, कन्नड आणि मराठी दोन्ही भाषा बोलणाऱ्या प्रतिनिधींसमोर हा विषय मांडला गेला आणि परिषदेने ठराव संमत केला. पुढे त्याच वर्षी ऑगस्टअखेरीस सय्यद हसन इमाम यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत काँग्रेसचे विशेष अधिवेशन झाले. पुरुषांइतकीच पात्रता असलेल्या स्त्रीला ती स्त्री आहे एवढ्याच कारणाने अपात्र ठरवू नये, अशी मागणी त्या व्यासपीठावरूनही सरोजिनीबाईंनी केली आणि अधिवेशनाने ती मान्य केली.

मताधिकाराचे नियम ठरवण्यासाठी लॉर्ड साउथबरो यांची समिती नेमली होती. तिच्याकडे स्त्रियांचे अर्ज आणि निवेदने गेली; तरीही हिंदुस्थानातील सामाजिक परिस्थितीत स्त्रियांना मत देणे घाईचे ठरेल, असा निष्कर्ष काढून समितीने मागणी फेटाळली. मागितले आणि नाकारले गेले, ही गोष्ट सरकारच्याच अहवालात नमूद आहे. तेव्हा ‘न मागता मिळाले’ या विधानाला आधार उरत नाही.

प्रश्न : या लढ्यात मुंबई शहराचे नेमके योगदान कोणते? मद्रासचे नाव नेहमी पुढे येते. (सेवानिवृत्त शिक्षक, खानापूर)

उत्तर : मद्रासचे नाव पुढे येते ते योग्यच आहे. १९१७ साली विमेन्स इंडियन असोसिएशन ही संस्था तिथे अड्यार येथे स्थापन झाली, माँटेग्यूंची भेट तिथे झाली, आणि १९२१ साली ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतांमध्ये स्त्रियांच्या मतदानावरील बंदी सर्वांत आधी मद्रासनेच उठवली. मुंबई प्रांताने त्याच वर्षी काही महिन्यांनी तसा निर्णय घेतला. पहिलेपणाचा मान मद्रासचा असला, तरी साउथबरो समितीच्या नकारानंतर हा प्रश्न थेट लंडनला नेऊन तो जिवंत ठेवण्याचे काम प्रामुख्याने मुंबईच्या स्त्रियांनी केले, आणि माझ्या मते त्या काळातील सर्वांत निर्णायक काम तेच होते.

समितीचा अहवाल आल्यानंतर १९१९ साली मुंबईत जाईजी पेटिट यांच्या अध्यक्षतेखाली स्त्रियांची निषेधसभा भरली. सुधारणांचा कायदा आता ब्रिटिश पार्लमेंटच्या संयुक्त समितीपुढे होता, म्हणून मुंबईच्या स्त्रियांनी खर्चाची तरतूद करून आपल्या प्रतिनिधी म्हणून हेराबाई टाटा आणि त्यांची कन्या मिठन टाटा यांना लंडनला पाठवले. हेराबाईंना या प्रश्नाची ओढ १९११ साली काश्मीरच्या सहलीत लागली होती. श्रीनगरला त्यांची गाठ पंजाबच्या राजघराण्यातील आणि इंग्लंडमधील मताधिकाराच्या चळवळीत असलेल्या सोफिया दुलीप सिंग यांच्याशी पडली. ‘स्त्रियांना मत’ अशी मागणी लिहिलेला बिल्ला सोफियांनी लावला होता, आणि त्यावरून दोघींचे बोलणे सुरू झाले. कन्या मिठन एल्फिन्स्टन कॉलेजातून अर्थशास्त्र घेऊन पदवीधर झालेली, अवघ्या एकवीस वर्षांची होती.

लंडनमध्ये या मायलेकींनी निवेदन सादर केले, पार्लमेंटच्या सदस्यांच्या भेटी घेतल्या, आणि मँचेस्टर, लिव्हरपूल, एडिंबरो अशा शहरांत सभा घेऊन तिथल्या स्त्री संघटनांचा पाठिंबा मिळवला. सरोजिनी नायडू आणि अॅनी बेझंट यांनीही त्याच काळात संयुक्त समितीपुढे साक्षी दिल्या. खुद्द इंग्लंडच्या स्त्रियांना आदल्याच वर्षी, म्हणजे १९१८ मध्ये, मत मिळाले होते आणि तेही तीस वर्षांवरील व काही अटी पूर्ण करणाऱ्यांनाच. त्यामुळे हिंदी स्त्रियांची बाजू ऐकून घेणारा वर्ग तिथे तयार होता. एवढ्या खटपटीनंतर १९१९च्या कायद्यात पार्लमेंटने स्त्रियांना मत दिले नाही, पण त्यांच्यासाठी दारही बंद केले नाही : प्रत्येक प्रांताच्या विधिमंडळाला वाटल्यास त्याने ठराव करून ही बंदी उठवावी, अशी सोय ठेवली. निराशाजनक वाटणारी हीच तरतूद पुढे उपयोगी पडली, कारण त्यामुळे लढा लंडनहून मुंबईच्या विधिमंडळात आला आणि तिथे स्त्रियांना आपल्या ओळखीच्या सदस्यांना गाठता येत होते.

मिठन टाटा पुढे लंडनमध्येच राहून कायदा शिकल्या, १९२३ साली तिथल्या लिंकन्स इन या वकिलांच्या संस्थेतून बॅरिस्टर झाल्या आणि मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. विवाहानंतर त्या मिठन लाम या नावाने ओळखल्या जात, आणि १९४७ साली त्या मुंबईच्या शेरीफ (नगरपाल) या मानाच्या पदावर नेमल्या गेल्या.

शहराच्या महापालिकेतही हाच बदल दिसू लागला. १९२३ साली सरोजिनी नायडूंबरोबर अवंतिकाबाई गोखले मुंबई महापालिकेवर गेल्या. अवंतिकाबाईंनी १९१७ साली चंपारणमध्ये गांधीजींबरोबर काम केले होते, आणि मुंबईच्या मराठी स्त्रियांसाठी हिंद महिला समाज ही संस्था उभी केली होती. मुंबईतील चळवळ पारशी आणि गुजराती घराण्यांपुरती होती, असे मानणाऱ्यांनी अवंतिकाबाईंचे काम अवश्य पाहावे.

प्रश्न : पुण्याच्या रमाबाई रानडे यांचा या लढ्याशी संबंध होता का? आमच्या शाळेत त्यांची ओळख ‘न्यायमूर्तींच्या पत्नी’ एवढीच करून दिली जाते. (एक शिक्षिका, निपाणी)

उत्तर : संबंध होता आणि तो जवळचा होता. देवराष्ट्रे या आजच्या सांगली जिल्ह्यातील गावी जन्मलेल्या रमाबाईंनी न्यायमूर्ती रानडे यांच्या निधनानंतर पुण्यात सेवासदन उभे केले. तिथे परिचारिका, शिक्षिका आणि स्वतःच्या पायांवर उभ्या राहू पाहणाऱ्या विधवा तयार होत. १९२० साली पुणे नगरपालिकेपुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न आला तेव्हा आधी मुलांनाच सक्ती लागू करावी, मुलींचे नंतर पाहू, असा विचार बळावला होता, आणि त्याविरुद्ध पुण्याच्या स्त्रियांनी रस्त्यावर मिरवणूक काढली. १९२१-२२ मध्ये मुंबई इलाख्यातील स्त्रियांच्या मताधिकारासाठी जी मोहीम चालली, तिचे संघटन रमाबाईंनी केले. मुलींच्या शाळेसाठी पैसा खर्चायचा की नाही हे ठरवणाऱ्या सभासदांना स्त्रियांच्या मतांची गरजच नसेल तर ते मुलींचा विचार कशाला करतील, हा धडा पुण्यातील स्त्रियांना नगरपालिकेच्या दारात मिळाला होता. मताधिकाराची मागणी त्यांच्यासाठी शाळेच्या मागणीतूनच उगवली, असे मला वाटते. १९२७च्या जानेवारीत अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशनही पुण्यातच, बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड यांच्या अध्यक्षतेखाली झाले. तेव्हा तिचा मुख्य विषय शिक्षण हा होता, आणि काही वर्षांतच मताधिकाराच्या मागणीतही ती परिषद पुढे आली.

आपण विद्यार्थिनींना रमाबाईंची ओळख करून देताना सेवासदन आणि १९२१ची मोहीम या दोन गोष्टी जरूर सांगाव्यात, ही विनंती.

प्रश्न : मग बेळगाव जिल्ह्यातील सर्व स्त्रियांना १९२१ पासून मत होते असे म्हणावे काय? (एक वाचक, शहापूर, बेळगाव)

उत्तर : नाही, आणि आपण शहापूरचे असल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर आपल्या गल्लीपासूनच सुरू करता येईल.

मुंबई विधिमंडळाचा निर्णय ब्रिटिश मुलखापुरता होता. आज बेळगाव शहराचा भाग असलेले शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होते. बेळगाव शहरात घर किंवा कर यांची अट पूर्ण करणारी स्त्री नोव्हेंबर १९२३च्या विधिमंडळ निवडणुकीत मत देऊ शकत होती. तिच्याच नात्यातली, तितक्याच ऐपतीची, पण शहापुरात राहणारी आणि तिथेच मिळकत असलेली बाई मात्र संस्थानची प्रजा म्हणून त्या यादीत बसत नव्हती. दोघी एकाच बाजारात भाजी घेत असतील, पण कायद्याने त्यांच्यामध्ये हद्द होती. रायबाग कोल्हापूर संस्थानात होते, त्यामुळे तिथेही हाच प्रकार होता. सांगली संस्थान १९४८ साली आणि कोल्हापूर १९४९ साली विलीन झाल्यावर ही हद्द मिटली. भालकीहून ज्यांनी पत्र लिहिले आहे त्यांनाही हेच सांगावे लागेल, की बिदर भाग निझामाच्या राज्यात असल्याने मुंबईच्या ठरावाची कक्षा तिथे पोहोचत नव्हती.

दुसरी मर्यादा याहून मोठी होती. १९२१च्या ठरावाने स्त्री असणे ही अपात्रता काढून टाकली, पण मतदाराची मूळ पात्रता बदलली नाही. मत देण्यासाठी ठराविक सारा भरणारी जमीन नावावर असावी लागे, किंवा ठराविक भाड्याचे घर, किंवा आयकर. शेतात राबणारी आणि जमीन नवऱ्याच्या, दिराच्या किंवा सासऱ्याच्या खात्यावर असणारी बाई या अटीत कुठेच बसत नव्हती. हिंदू कायद्याप्रमाणे मुलीला वडिलांच्या वडिलोपार्जित जमिनीत वाटा नव्हता, आणि एकत्र कुटुंबातील सुनेच्या नावावर खाते असण्याचे कारणच नव्हते. चिकोडी, अथणी किंवा गोकाक तालुक्यातील खेड्यांत जिच्या नावावर खाते चढण्याची शक्यता होती ती बहुधा विभक्त कुटुंबातील, मुलगा नसलेली विधवा. देशभर पाहिले तर १९१९च्या कायद्याखाली प्रौढ स्त्रियांपैकी शेकडा एकीलाही मत मिळाले नव्हते.

याच अटीमुळे मुंबई शहरातही एक मोठा वर्ग बाहेर राहिला. गिरण्यांत हजारो स्त्रिया काम करीत होत्या, त्यांतल्या कितीतरी कोकणातून आणि घाटावरून गेलेल्या होत्या. स्वतःच्या मजुरीवर घर चालवीत होत्या. त्यांच्या खोल्यांचे भाडे किंवा त्यांची मिळकत मतदार होण्याच्या अटींपर्यंत पोहोचत नव्हती. लढा ज्यांनी उभारला त्या सुशिक्षित आणि सुस्थितीतल्या होत्या; पुरुषांना ज्या अटींवर मत आहे त्याच अटींवर आम्हालाही द्या, ही त्यांची पहिली मागणी होती. कष्टकरी बाई त्या मागणीतून वगळली गेली हे खरे आहे आणि ते सांगितलेच पाहिजे. तरीही मी त्या मागणीला कमी लेखणार नाही. स्त्री म्हणजे कायद्याने मतदानास अपात्र, हे वाक्य नियमावलीतून एकदा पुसले गेल्यावर पुढचा वाद स्त्रीपणाचा राहिला नाही, मिळकतीचा झाला. आणि मिळकतीची अट पुरुषांनाही जाचत असल्यामुळे प्रौढ मताधिकाराच्या मागणीत स्त्रिया आणि पुरुष एकत्र येऊ शकले.

निवडणूक लढवण्याचा हक्क मात्र मताबरोबर मिळाला नाही. विधिमंडळात उमेदवार म्हणून उभे राहण्याची वाट स्त्रियांसाठी १९२६ साली नियम बदलल्यावर मोकळी झाली.

प्रश्न : १९२४ साली बेळगावला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन झाले. त्यात स्त्रियांचा सहभाग होता का? (एक गृहिणी, चिकोडी)

उत्तर : होता. डॉ. ना. सु. हर्डीकर यांच्या हिंदुस्थानी सेवा दलाच्या महिला शाखेचे नेतृत्व उमाबाई कुंदापूर यांच्याकडे होते, आणि त्यांनी या अधिवेशनासाठी गावोगाव फिरून स्वयंसेविका जमवल्या. त्यांतल्या अनेकींच्या घरून विरोध झाला असणार, कारण परक्या गावी, पुरुषांच्या गर्दीत, मुक्कामाने राहून काम करणे त्या काळी सोपे नव्हते. अधिवेशनातील मुख्य चर्चा असहकार, चरखा आणि स्वराज्य पक्षाशी झालेल्या समझोत्याची होती. मताधिकार हा त्याचा विषय नव्हता. पुढच्याच वर्षी कानपूर अधिवेशनाच्या अध्यक्षपदी सरोजिनी नायडू होत्या.

प्रश्न : माझी पणजी खानापूर तालुक्यातील एका लहान गावची. तिला नावाची सही करता येत नव्हती, जमीनही नव्हती. तरी तिने स्वातंत्र्यापूर्वी मत दिले होते, असे घरात सांगतात. हे शक्य आहे का, आणि असल्यास त्याचा पुरावा कुठे मिळेल? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : शक्य आहे. १९३५च्या कायद्याने मतदारांचा वर्ग वाढवला आणि स्त्रियांसाठी काही वेगळ्या पात्रता ठेवल्या. देशभरात सुमारे ६० लाख स्त्रिया आणि २ कोटी ९० लाख पुरुष त्या कायद्याखाली मतदार झाले, आणि मुंबईच्या १७५ जणांच्या विधानसभेत ६ जागा स्त्रियांसाठी राखीव ठेवल्या गेल्या. राखीव जागा सर्व स्त्री संघटनांना हव्या होत्या असे मात्र नाही. १९३२ पासून प्रमुख संघटनांची मागणी सरसकट प्रौढ मताधिकाराची होती आणि ती तेव्हा डावलली गेली.

त्या कायद्यातील एक तरतूद आपल्या भागाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. सैन्यातील शिपायाच्या किंवा अंमलदाराच्या मृत्यूनंतर जिला निवृत्तिवेतन मिळत असे, त्या विधवेला किंवा आईला त्या पात्रतेवर मत मिळे. बेळगाव हे मराठा पलटणीचे केंद्र. खानापूर, बेळगाव आणि शेजारच्या चंदगड भागातील कितीतरी घरांतील पुरुष पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियापर्यंत गेले होते. आपल्या पणजीचे पती किंवा मुलगा पलटणीत असेल आणि तिला निवृत्तिवेतन चालू असेल, तर १९३७च्या निवडणुकीत तिने मत दिले असणे पूर्णपणे संभवते. अक्षरओळखीचा किंवा जमिनीचा प्रश्न तिथे येत नाही.

पुराव्यासाठी आधी घरातली कागदपत्रे पाहावीत : निवृत्तिवेतनाचे पुस्तक, पलटणीचे प्रमाणपत्र, पदकाच्या काठावर कोरलेला शिपायाचा क्रमांक. हा क्रमांक मिळाला तर पुढचा शोध खूपच सोपा होतो. मुंबई इलाख्याची जुनी सरकारी दप्तरे महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेख संचालनालयात, मुंबईतील एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहेत. आपला जिल्हा तेव्हा मुंबईकडे असल्यामुळे शोधाची सुरुवात बेंगळुरूऐवजी तिथून करणे सोयीचे पडेल. तालुक्याच्या कचेरीतील जुने खातेउतारेही पाहावेत, कारण जमीन नव्हती ही घरातली आठवण प्रत्येक वेळी बरोबर असतेच असे नाही.

नाव शोधताना एक काळजी घ्यावी. लग्नानंतर सुनेचे नाव बदलण्याची आपल्याकडे रीत होती, तेव्हा माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही नावे हाताशी ठेवावीत. काही ठिकाणी स्त्रिया यादी करणाऱ्याला स्वतःचे नाव सांगत नसत, अमक्याची बायको किंवा तमक्याची आई एवढेच सांगत. स्वतंत्र भारताच्या १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी तर मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी स्वीकारण्यास नकार दिला आणि मुख्यतः उत्तरेकडील राज्यांतील सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे याद्यांतून वगळावी लागली. त्यामुळे पणजीचे नाव सरळ सापडले नाही, तर पणजोबांच्या आणि त्यांच्या थोरल्या मुलाच्या नावापुढील नोंदी वाचल्याशिवाय शोध थांबवू नये. नोंद मिळाल्यास तिची प्रत आणि पणजीविषयी घरात जे काही आठवत असेल ते या सदराकडे अवश्य पाठवावे. आपली परवानगी असेल तर ते पुढील अंकात घेऊ.